सात नंबरचं डांगर

"बाई, सीताराम न्हाई. मग डांगरं चिरायची कुनी?"

छबूनं हे विचारलं तेव्हा मी शेडमध्ये वजनकाटा पुसत होते. समोर गोणपाटांवर बहात्तर भोपळे ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकाच्या देठाला नंबराची पट्टी बांधलेली होती.

"सीताराम नाही म्हणून काय झालं? तुमचे हात काय बाजाराला गेलेत?" मी म्हणाले.

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर बायका खिदळायच्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही. छबूनं लीलाबाईकडं बघितलं, लीलाबाईनं पारूकडं, आणि तिघी खाली बसल्या त्या बसल्याच.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या नोव्हेंबरची. वाघोशीच्या भाजीपाला संशोधन केंद्रावर मी साहाय्यक होते. वय एकतीस, शेतकीची एम.एस्सी. झालेली, आणि तोरा असा की विचारू नका. त्या खरिपात आम्ही लाल भोपळ्याचे बारा वाण शेजारी शेजारी लावून बघत होतो. कोणता जास्त उतरतो आणि कोणाचं फळ आतून चांगलं निघतं, एवढाच प्रश्न. बारा वाण, प्रत्येकाचे तीन वाफे आणि प्रत्येक वाफ्यातली दोन फळं कापून बघायची. गराची जाडी मोजायची, रंग लिहायचा, रसाचा थेंब काचेवर घेऊन गोडी बघायची. वाणांची नावं साहेबांच्या कपाटात कुलूपबंद, आमच्यापुढं नुसते नंबर. आपल्या आवडीनिवडीनं आकडे वाकडे होऊ नयेत म्हणून ही काळजी.

पण एक काम आमच्या केंद्रावर पुस्तकाबाहेरचं चालायचं. त्या भागात लाल भोपळ्याला डांगर म्हणतात, आणि अख्खं डांगर बाईमाणसानं चिरायचं नाही, अशी रीत. डांगर म्हणजे घरातला थोरला मुलगा. पुरुषानं पहिला सुरा लावायचा, मग बायकांनी हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. म्हणून कापणीच्या दिवशी सीताराम तंबाखू मळत ओळीतून फिरायचा, प्रत्येक फळाला चार बोटं खोल एक घाव घालायचा आणि पुढं जायचा. बहात्तर फळांना त्याला पाव तास पुरे. मग बायका बसायच्या. साहेब हसायचे, मीही हसायची, पण कुणी कधी मोडता घातला नव्हता.

त्या दिवशी नेमकं सीतारामच्या मुलीचं लग्न होतं. बाकीचे दोन गडी त्याच्याच भावकीतले, तेही लग्नाला गेलेले. साहेब विद्यापीठात बैठकीला गेलेले, गाडी आणि ड्रायव्हर त्यांच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते प्रयोग तपासणाऱ्या समितीला घेऊनच परत येणार होते. उत्पादनाचे आकडे तयार होते, फळाच्या आतले रकाने मात्र कोरे. खरं तर हे काम दोन दिवस आधीच व्हायचं. पण मला पित्ताचा त्रास चालला होता. सकाळी उठलं की पोटात ढवळायचं, पंपाच्या खोलीमागं जाऊन ओकून यायचे आणि मग दिवसभर अंगात जीव नसायचा. त्यात दोन दिवस गेले. चूक माझी होती, आणि आपली चूक असली की माझा आवाज हमखास चढतो.

"उद्या दहा वाजता माणसं येणारेत," मी म्हणाले. "त्यांना काय सांगू? सीतारामच्या लेकीचं लग्न होतं म्हणून भोपळे शिल्लक राहिले?"

"तसं न्हवं वो बाई," लीलाबाई म्हणाली. ती सगळ्यांत समजूतदार. "फाट्यावर पंक्चरवाला बसलाय. तेला हाक मारून आनते. घटकाभरात घाव घालून जाईल बिचारा."

किती सोपं होतं! मी हो म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

"काही नको," मी म्हणाले. "संशोधन केंद्र आहे हे. इथं फळ कापायला रस्त्यावरचा पुरुष बोलवायचा? शिकल्यासवरल्या माणसांनी तोंडात शेण घालावं आमच्या."

तेवढ्यात सगुणाक्का आली.

सगुणाक्का खिलारे आमच्या केंद्रावरची सगळ्यांत जुनी बाई. पन्नाशीच्या आत-बाहेरची, काटक, बोलणं कमी. ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तिचा मुलगा धोंडीराम, वीस वर्षांचा, भुईमूग काढताना त्याला घोणस चावली होती. सहा दिवस झाले, तो जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात होता. तिन्ही बायका उठून तिच्याभोवती गोळा झाल्या.

"कसा हाय गं?" पारूनं विचारलं.

"बोलतोय," ती म्हणाली. "पर लगवी बंद झालीया. डाक्टर म्हनत्यात, मूत्रपिंडावर ग्येलंय. मशिनीवर घालत्यात दिसाआड."

"मग तू कशाला आलीस गं बाई?"

"त्योच म्हनला, जा." सगुणाक्कानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "म्हनला, आई, आज तुझं डांगर चिरनार हाईत. जा, बगून ये, आतनं कसं निघालंय ते मला सांग. तेचा बाप हाय तितं. दुपारच्या यस्टीनं जाते म्हागारी."

सात नंबर तिचा होता. नावं कपाटात कुलूपबंद असली तरी हे साऱ्या शेताला माहीत होतं. दोन वर्षांमागं तिच्या डब्यातली डांगराची भाजी मी खाल्ली होती आणि बोटं चाटत बी मागितलं होतं. तिनं गाडग्यात राखेत घालून ठेवलेलं बी आणून दिलं, माहेराहून आणलेलं. तिला नंबर वाचता येत नव्हता, पण शेतात उतरली की आपल्या वेलासमोर जाऊन बरोबर थांबायची. धोंडीराम तिला चिडवायचा, "आई, तुझं डांगर पैलं आलं तर तुझ्या नावाची पाटी लावतील गं शेतात!" मग ती लाजून तोंडाला पदर लावायची.

"बसा सगुणाक्का," मी म्हणाले. मला खरंच वाईट वाटत होतं. पण घड्याळात साडेनऊ झाले होते. "आणि ह्या तिघींना तुम्हीच समजावा. डांगराला हात लावायला तयार नाहीत."

"का?"

"सीताराम न्हाई," छबू म्हणाली. "आन बाई म्हनत्यात, आपुन चिरा. माझी दोन पोरं हाईत घरात. मी न्हाई लावनार पैला सुरा. हजेरी कापा, कामावरनं काढा, न्हाईतर काय बी करा."

"हा नुसता खुळचटपणा आहे!" मी म्हणाले. "भोपळा कापला म्हणून कुणाच्या मुलाला काही होत नाही. ही वेलावर आलेली भाजी आहे. तिला काय कळतंय घरात थोरला कोण नि धाकटा कोण? वाळून चाललीत फळं, गोडी उतरतीये, आकडे चुकतील, वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल. त्याचं कुणाला काही आहे का?"

पारू वयानं लहान, पण तोंडानं तिखट. ती म्हणाली, "मग बाई, तुमीच लावा की पैला सुरा. तुमच्या घरात पोर बी न्हाई. आमी मागनं चिरतो."

"पारे, गप की गं!" लीलाबाई तिच्यावर खेकसली.

मला ते लागलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. पण तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. मी टेबलावरचा सुरा उचलला आणि पहिल्या ओळीसमोर गेले. एक नंबर, पहिला वाफा, पहिलं फळ. हिरवट, मोठं, सात किलोचं. मी वाकले. सुरा उजव्या हातात होता, डावा हात पदराखाली. बायका श्वास रोखून बघत होत्या.

मी किती वेळ तशी वाकून उभी होते कोण जाणे. मग सरळ झाले.

"मला नोंदी करायच्यात," मी म्हणाले. "हात चिकट झाले तर वही खराब होईल. ज्याचं काम त्यानं करावं."

आणि मी सुरा परत टेबलावर ठेवला.

सगुणाक्का माझ्याकडं बघत होती. मग ती उठली, टेबलापाशी आली आणि तिनं सुरा घेतला.

"आक्का, तू नगं!" छबू ओरडली. "धोंड्या दवाखान्यात हाय गं! खुळी का काय तू?"

"वळीत समदी हाईत नव्हं?" सगुणाक्का म्हणाली. "चिरायची तर हाईतच. मग आपलंच पैलं चिरते."

ती सगळी ओळ ओलांडून सातव्या नंबरापाशी गेली. पट्टी न बघता. तिनं फळ मांडीशी घेतलं, त्यावरून एकदा हात फिरवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि सुरा घातला. कडक साल मोडल्याचा आवाज झाला. फळ उघडलं तर आतून गर्द केशरी, जाड गर, मधली पोकळी मुठीएवढी. बारा वाणांत तसं फळ दुसरं नव्हतं. मी गर मोजला, साडेचार सेंटिमीटर. रसाचा थेंब काचेवर घेतला, उजेडाकडं धरला आणि वहीत लिहिलं. ती वही अजून माझ्याकडं आहे. त्या पानावरचं अक्षर माझं वाटत नाही.

बहात्तरच्या बहात्तर फळांना पहिला घाव तिनंच घातला. तिच्या मागून बाकीच्या तिघी फोडी करत गेल्या. बारा वाजता सगळं संपल्यावर ती माझ्याकडं आली.

"बाई, ह्यातली एक फोड नेऊ का? धोंड्याला दावायची हाय."

शेतातलं फळ बाहेर न्यायचं नाही असा नियम होता. तरी मी मानेनंच हो म्हटलं. तिनं केशरी फोड ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एसटी गाठायला निघाली.

दुसऱ्या दिवशी समिती आली. सगळे रकाने भरलेले बघून खूश झाली. सात नंबर उत्पादनात चौथा, पण फळाच्या गुणात पहिला. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी धोंडीराम गेला.

बातमी सीतारामनं आणली. लग्नाची हळद अजून त्याच्या धोतरावर होती. मी शेडमध्येच खाली बसले. छबू तिथून उठून गेली.

आता जे सांगते ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. मला पित्त झालेलं नव्हतं. मला तिसरा महिना सरत आला होता. त्याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिसऱ्याच महिन्यात गेलं होतं. म्हणून या खेपेला मी नवऱ्याशिवाय कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. सुरा घेऊन वाकले तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की हे झूट आहे. आणि तरी माझा हात पुढं जाईना. आजवर जे शिकले ते सगळं एका बाजूला आणि पोटातला तो जीव एका बाजूला. मग मी वहीचं निमित्त काढलं आणि जिचा मुलगा दवाखान्यात पडला होता तिच्यापुढं तो सुरा ठेवला. खुळचटपणा म्हणाले होते मी त्याला.

विषानं गेला तो. मूत्रपिंडं आधीच गेली होती, डॉक्टरांनी चौथ्या दिवशीच सांगितलं होतं. मला हे तेव्हा माहीत होतं, आजही माहीत आहे. पण रात्र रात्र मला तो साल मोडल्याचा आवाज यायचा, त्याला काय करू?

सगुणाक्का महिन्याभरानं कामावर आली. खुरपायची, पाणी द्यायची, माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती. अहवालात बियाण्याच्या स्रोताच्या रकान्यात नुसतं गावाचं नाव लिहायची पद्धत होती, तिथं मी तिचं पूर्ण नाव लिहिलं. दुसरं काय करणार होते? मग माझं पोट दिसायला लागलं, आणि मी तिच्यापासून लपत फिरायला लागले. मे महिन्यात मला मुलगा झाला.

जुलैत एका रविवारी ती केंद्राच्या आवारातल्या आमच्या क्वार्टरवर आली. हातात पिशवी, पिशवीत खारीक, खोबरं आणि एक छोटं कुंचडं. तिनं स्वतः शिवलेलं. मी पाणी आणलं, चहा ठेवला, उगाच इकडून तिकडं गेले. ती पाळण्याशी बसून बाळाकडं बघत होती.

"बसा की बाई," ती शेवटी म्हणाली. "किती पळशीला माझ्यापास्नं?"

ती आजवर माझ्याशी इतकं मोकळं बोलली नव्हती. मी बसले आणि मला रडू फुटलं.

"सगुणाक्का, त्या दिवशी मी... त्या डांगराचा आणि धोंडीरामचा काही संबंध नाही. खरंच नाही हो."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "इखानं मेला माझा पोरगा. डांगरानं कुनी मरतंय व्हय?" ती जरा थांबली. "पर तुमाला बी ठावं हुतं की. तरी तुमी सुरा खाली ठिवलासा."

मी पाळण्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"आन का ठिवलासा, ते बी मला ठावं हुतं."

मी वर बघितलं.

"तुमी वाकलासा तवा तुमचा डावा हात पोटावर हुता, पदराखाली," ती म्हणाली. "त्या पोरींनी न्हाई बगितला. मी बगितला. पंपामागं जाऊन वकत हुतासा ते बी म्या बगितलं हुतं. बाई, धोंड्याच्या आधी माझी दोन ग्येली. म्हून तर तेचं नाव धोंडीराम ठिवलं, दगडागत टिकावं म्हून. तो पोटात आसताना मी बी आशीच हात ठिवून फिरायची. वळीखते मी तो हात."

"मग तुम्ही का घेतलात सुरा? धोंडीराम तिकडं..."

"मला वाटलं, हिचं आजून यायचंय," ती म्हणाली. "हिच्यापाशी कोन हाय? माझा तर बाहीर आलेला, येवडा वाढलेला. तेच्यापाशी डाक्टर हाईत, मशीन हाय, बाप हाय. म्हनलं, घ्यावा आपुन."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. मी तोंडावर हात घेऊन बसले होते. चहा उतू गेल्याचा वास आला, पण मला उठवेना.

"राग न्हाई आला आसं न्हाई," ती म्हणाली. "लई आला. दोन म्हैनं तुमचं त्वांड बगू वाटलं न्हाई. पर तुमी भ्यालासा म्हून न्हाई. भ्या कुनाला नसतंय? तुमी आमाला खुळचट म्हनलासा, तेचा आला. बाई, मला भ्या वाटतंय, येवडंच म्हनला आसता, तर आमी चौघींनी मिळून कायतरी केलं आसतं. पंक्चरवाला हुताच की."

"चुकलं माझं," मी म्हणाले. एवढे दोनच शब्द म्हणायला मला आठ महिने लागले होते.

"त्येनं फोड बगितली," ती म्हणाली. "हातात घेतली, वास घेतला. म्हनला, आई, लई झ्याक निघालंय गं. आता पाटी लावत्यात बग. आसं म्हनून हसला. तेवडं बरं झालं."

मग तिनं डोळे पुसले, बाळाला उचललं, कुंचडं त्याच्या डोक्यावर बसवलं. ते जरा सैल झालं. "हुईल बरुबर. वाडतंय की आता," ती म्हणाली.

त्या खरिपात सात नंबर आम्ही मोठ्या वाफ्यावर लावला. साहेबांच्या मागं लागून मी बांधावर पाटी लावून घेतली. वर वाणाचा क्रमांक आणि खाली लिहिलं, बियाणे : सगुणा खिलारे. तिला वाचता येत नव्हतं. लीलाबाईच्या शाळेत जाणाऱ्या मुलीनं तिला वाचून दाखवलं. तिनं पाटीवरून हात फिरवला, डोळे टिपले, आणि खुरपं घेऊन कामाला गेली.

नोव्हेंबरात पुन्हा शेडमध्ये फळं मांडली. या वेळी सीताराम होता. तंबाखू मळत तो ओळीपाशी आला. मी त्याच्याकडं सुरा मागितला.

"बाई?" तो म्हणाला.

"द्या इकडं."

छबू, लीलाबाई, पारू, सगळ्या बघत राहिल्या. माझा मुलगा सहा महिन्यांचा झाला होता. घरी मोलकरणीपाशी झोपला होता. मी पहिल्या फळापुढं बसले.

"मला भीती वाटतीये," मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पारू हसली नाही. सगुणाक्का उठून माझ्या शेजारी येऊन बसली. डांगर डुगडुगत होतं, तिनं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मला बी वाटलं हुतं," ती म्हणाली. "दाबा."